मंडईतला पाळणा

वीस महिने टिनाच्या शेडात पडून होता माझा पाळणा.
सात नंबरच्या डब्यात कोंबडी अंड्यांवर बसलेली,
तिला उठवायचं कसं, हा पहिला प्रश्न.
दुसरा तहसीलच्या पत्रात होता :
मंडई भरवा, पण जपून.
जपून म्हणजे कसं, ते बारा कलमांत लिहिलेलं,
अन् माझे डबेही बाराच.

ग्रामसेविका उईके मॅडमनी पंचायतीत बसवून वाचून दाखवलं.
एक आड एक डबा रिकामा.
एका डब्यात एकाच घरची माणसं.
फेरी झाली की दांड्या पुसायच्या.
आणि सगळ्यात खाली, निळ्या पेनानं, त्यांनी स्वतः घातलेलं :
वर गेल्यावर ओरडायचं नाही.
"काहून जी?"
"थुंकी उडते, लटारूभाऊ."
माणूस पाळण्यात बसतो कशासाठी, हे बोलणार होतो.
नाही बोललो.
एप्रिलात त्यांच्या घरून एक माणूस भंडाऱ्याला नेला,
तो परत आला नव्हता.

मग चुन्याची वर्तुळं काढली, पार बोरीच्या झाडापर्यंत.
धानावरचा फवारणी पंप तीनदा धुतला,
त्यात औषध भरून पुतण्या हंसराज
दांड्यांवर असा सुटला
की लोखंडाला तुडतुडे लागलेत.

पण चाकाला पत्र वाचता येत नाही.
एकीकडे आई अन् तीन लेकरं,
समोर एकटा फागो म्हातारा, हाडांचा नुसता.
चाचणीतच पाळणा एका अंगाला कलला
अन् तिथंच अडून बसला.
जयतुराबाई मळणीवरून येत होती, ट्रॉलीत, पोत्यांवर.
"धान ठेवून पाहा ना, बाप्पा. वजन ते वजन."

तर यंदा रिकाम्या डब्यांत धान बसलं.
पोत्यावर खडूनं ज्याचं त्याचं नाव.
तिकीट नाही, मास्क नाही,
नवं धान वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं.

पहिली फेरी सुटली तेव्हा दिवस बुडत होता.
दंडारीला परवानगी नव्हती, भोंग्याला नव्हती.
पोट्टे गुपचूप वर चढले,
मास्कच्या वर फक्त डोळे,
एवढे मोठे, की खालून वाटलं
सगळे मलाच काही विचारून राह्यले.

आणि मला ऐकू आलं.
टक्. मग बराच वेळ काही नाही. मग टक्.
चौथ्या आऱ्याला एक नट ढिला.
केव्हापासून, देव जाणे,
बावीस मंडया मी चालवल्या,
आरडाओरड्याच्या खाली तो बोलत असेल एकटाच.
इंजिन बंद केलं. पाना घेऊन वर चढलो.
हात कापत होते, ते कुणाला दिसलं नाही.

तेवढा वेळ मडाव्यांची रोशनी अगदी टोकाला अडकली होती.
खाली उतरली ती हळूच म्हणाली,
"चुलबंदच्या पलीकडं सारस ओरडत होते, काका.
दोघं होते. एक झाला की दुसरा."
मग थोडं थांबून,
"त्यांना नाही का जी कलम?"

रात्री, गर्दी पांगल्यावर,
मॅडमनी तीस रुपये पुढं केले.
मी घेतले. नाही घेतले असते तर त्या बसल्या नसत्या.
एकाच घरची माणसं : एक.
समोरच्या डब्यात तुळशीरामचं अर्धं पोतं ठेवलं,
तोलाला तेवढं पुरलं.
टोकावर मी पाळणा जरा जास्तच थांबवला,
अन् इंजिन मुद्दाम चालू ठेवलं, टुकटुक, टुकटुक,
म्हणजे वरचं खाली ऐकू येऊ नये.

डिझेल जाऊन हाती फार उरलं नाही.
कोंबडी टोपलीसकट तिकिटाच्या टेबलाखाली होती,
तिच्याभोवतीही हंसराजनं चुन्याचं वर्तुळ काढलेलं.
सकाळी जयतुराबाई पोतं न्यायला आली.
गाठ सोडून मूठभर धान तळव्यावर घेतलं,
निरखून पाहिलं.
"चक्कर तं नाही आली ना याला?"